दूरचा डॉक्टर आणि हातातली वही

साथीचा रोग कसा असतो, हे तुम्हां-आम्हांला आता पुस्तकातून शिकायला नको. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची मोठी साथ आली होती. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. तिच्या गोष्टी जुन्या माणसांनी आपल्याला सांगितल्या. २०२० साली करोनाची साथ आली. ती तर आपण डोळ्यांनी पाहिली. तिच्या गोष्टी आता आपण नातवंडांना सांगणार.

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रात करोनाचे पहिले रोगी पुण्यात सापडले. २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. एस.टी. थांबली. रेल्वे थांबली. आठवड्याचे बाजार बंद झाले. कित्येक गावांनी वेशीवर काट्या आडव्या टाकल्या. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही.

धडधाकट माणसाने हे दिवस कसेबसे काढले. पण ज्याला आधीपासून दुखणे आहे, त्याने काय करायचे? हृदयाचे दुखणे असलेल्या माणसाला औषध रोज लागते. मधून मधून डॉक्टरांकडे जावे लागते. आता दवाखान्यात जावे, तर तिथे साथीची भीती. घरी बसावे, तर दुखणे वाढण्याची भीती. इकडे आड, तिकडे विहीर!

या अडचणीतून एक वाट निघाली. रोगी घरी, डॉक्टर दूर, आणि मध्ये फोन. या वाटेने कसे चालायचे, कुठपर्यंत चालायचे आणि कुठे ती सोडून सरळ दवाखाना गाठायचा, ते या पाठात पाहू. करोनाची ती साथ सरली. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने तिची आणीबाणी संपल्याचे सांगितले. पण ही वाट अजून उपयोगाची आहे. पावसाळ्यात पूल बुडतो, घाटात दरड कोसळते, तेव्हाही ती कामाला येते.

हृदय काय काम करते?

आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. छातीच्या मधोमध, थोडे डावीकडे झुकलेले. विहिरीवरचा पंप जसा पाणी उचलून पाटाला देतो, तसे हृदय रक्त उचलून सगळ्या अंगाला देते. विहिरीवरच्या पंपाला रात्री विसावा मिळतो. हृदयाला तो नाही. ते दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा ठोका देते.

या पंपाला तीन तऱ्हेची दुखणी फार करून होतात.

पहिले दुखणे नळीचे. हृदयालाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या नळ्यांत आतून चरबीचा थर साचतो. नळी अरुंद होते. एखादे दिवशी तिथे रक्ताची गाठ अडकते आणि पुरवठा बंद पडतो. यालाच आपण अटॅक म्हणतो, म्हणजे हृदयविकाराचा झटका. तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह ही याची मोठी कारणे आहेत.

दुसरे दुखणे झडपेचे. पंपात जशी झडप असते, तशा हृदयात चार झडपा असतात. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. त्याकडे दुर्लक्ष झाले तर पुढे झडप खराब होऊ शकते.

तिसरे दुखणे पंप थकण्याचे. हृदय अशक्त होते. रक्त पुरेसे ढकलले जात नाही. मग अंगात पाणी साचते. पायावर सूज येते, दम लागतो.

साथीत धोका जास्त का?

ताप आला की हृदय जोरात धावते. फुप्फुसांना रोग झाला की रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग हृदयाला कमी प्राणवायूवर जास्त काम करावे लागते. उपाशी बैलाला चढाची गाडी ओढायला लावण्यासारखेच ते. त्यातून करोनात रक्ताच्या गाठी होण्याचा संभवही वाढतो. म्हणून हृदयरोग्यांनी गर्दीत जाऊ नये, असे डॉक्टर सांगत होते. ते बरोबरच होते.

पण लोकांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. छातीत कळ आली तरी माणसे घरातच बसून राहिली. "दवाखान्यात गेलो तर करोना होईल," "आपल्याला वेगळे नेऊन ठेवतील," अशी भीती मनात बसली. वाहन मिळेना, ते निराळेच.

आपल्या देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी १८७ रुग्णालयांचे आकडे गोळा केले. २०२० सालच्या त्या बंदच्या काळात झटक्याचे किती रोगी भरती झाले, आणि आदल्या वर्षी त्याच दिवसांत किती झाले होते, ते ताडून पाहिले. भरती तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त घटली होती. म्हणजे आदल्या वर्षी तीन रोगी येत होते, तिथे दोनच येऊ लागले.

मग तिसरा कुठे गेला? झटके थोडे कमी झालेही असतील. पण एवढे कमी कसे होतील? इटली देशाच्या लोम्बार्डी भागातल्या चार जिल्ह्यांत काय दिसले, ते पाहा. साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहून अधिक वाढल्या. त्यांत काहींना करोनाही झालेला होता. पण मदत वेळेवर न पोहोचलेलेही होते. साथीने माणसे मेली, तशी साथीच्या भीतीनेही मेली. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुरून हृदय पाहणे नवे नाही

दुरून हृदय तपासता येते, हे ऐकून नवल वाटेल. पण ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. नेदरलँड्स देशात लायडन नावाचे शहर आहे. तिथे विलेम आइन्थोव्हेन नावाचे शास्त्रज्ञ होते. हृदयाच्या ठोक्याची रेघ काढणारे यंत्र त्यांनी तयार केले. यंत्र मोठे आणि फार अवजड होते. ते रुग्णालयात नेता येईना. मग १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार वापरली. अंतर सुमारे दीड किलोमीटर. रोगी तिकडे आणि त्याच्या हृदयाची रेघ इकडे! १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला ई.सी.जी. किंवा कार्डिओग्राम म्हणतो, ती हीच रेघ.

आपल्या देशात २५ मार्च २०२० ला, म्हणजे बंद सुरू झाला त्याच दिवशी, सरकारने दुरून उपचार करण्याचे नियम जाहीर केले. नोंदणी असलेल्या डॉक्टरने फोनवर बोलून, चित्र पाहून किंवा लेखी निरोपावरून सल्ला द्यावा, औषध लिहून द्यावे, याला त्यात रीतसर वाट मिळाली. रोग्याला बोलता येत नसेल तर घरच्या माणसाने बोलावे, हेही त्यात आहे. आणि एक महत्त्वाची गोष्ट आहे. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून चालणार नाही असे वाटले, तर डॉक्टरने रोग्याला बोलावून घ्यावे, असेही तो नियम सांगतो.

एप्रिल २०२० मध्ये सरकारने 'ई-संजीवनी' ही सेवा घराघरासाठी खुली केली. फोनवर नाव नोंदवायचे. क्रमांक मिळतो. आपली पाळी आली की डॉक्टर पडद्यावर दिसतात. बोलणे झाले की औषधाची चिठ्ठी फोनवरच येते. पैसे पडत नाहीत. ज्याच्याकडे असा फोन नाही, त्याने उपकेंद्रात जावे. आता पुष्कळ उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथले आरोग्य अधिकारी आपल्याला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात.

डॉक्टरांचे डोळे म्हणजे तुमची वही

आता खरी मेख पाहा. दवाखान्यात डॉक्टर काय करतात? नाडी पाहतात. छातीला नळी लावतात. पाय दाबून सूज पाहतात. वजन घेतात. फोनवर यातले काही करता येत नाही. आवाज तेवढा ऐकू येतो, चेहरा तेवढा दिसतो. मग डॉक्टरांनी पाहायचे कशाने?

तुम्ही सांगाल त्याने! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आपण नीट सांगितले नाही, तर डॉक्टर तरी नीट सल्ला कुठून देणार?

समजा, एक आजी आहेत. त्यांचे हृदय अशक्त आहे. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"आजी, दम कधीपासून लागतोय?"

"झालं की चार-आठ दिवस."

"पायाला सूज आहे का?"

"हाय थोडी. नेहमीचीच म्हणायची."

"वजन किती?"

"ते कुणी बघितलंय, बाई!"

"बरं, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एक पांढरी. एक बारीक गुलाबी. अन् एक सकाळची."

आता बाईंनी काय करावे? पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी असतात. 'चार-आठ' म्हणजे चार का आठ? सूज नेहमीची का वाढलेली? बाई म्हणतील, "आजी, तुम्ही इकडे याच." आणि एस.टी. तर बंद.

आता समजा, याच आजी साक्षरता वर्गात गेल्या. अक्षर-आकडा शिकल्या. त्यांनी वही केली. मग बोलणे असे होईल.

"बाई, वहीत बघून सांगते. सोमवारी वजन ५२ किलो. मंगळवारी ५२. बुधवारी ५३. आज गुरुवार, आज साडेचोपन्न."

"शाब्बास आजी! सूज?"

"घोट्याच्या वर आलीया. बोटानं दाबलं की खळी पडते. निजायला आधी एक उशी लागायची, कालपासनं दोन लागत्यात."

"बसल्या जागी दम लागतो का? छातीत दुखतं का?"

"बसल्यावर न्हाई. चुलीपासनं पडवीत आले की लागतो. छातीत दुखत न्हाई."

"आणि खाण्यात काय बदल झाला?"

"मंगळवारी पाव्हणे आले होते. पापड, कुरडया तळल्या. लोणचं होतंच की."

"तिथंच पाणी मुरलंय, आजी! मीठ जास्त झालं, अंगात पाणी साचलं. आता पाकिटावरचं गोळीचं नाव मला एक एक अक्षर वाचून दाखवा बघू."

आजींनी वाचून दाखवले. बाईंनी लघवीची गोळी तीन दिवसांपुरती वाढवून दिली. मीठ कमी करायला सांगितले. रोज वजन कळवायला सांगितले. "दम वाढला किंवा वजन उतरलं नाही, तर मात्र मी सांगेन तेव्हा यायचं," असे बजावले.

पाहिलेत ना? आजी त्याच, बाई त्याच, फोनही तोच. फरक पडला तो वहीने. (ही गोळी कुणी आपल्या मनाने वाढवू नये, बरे का! ते काम डॉक्टरांचे. आपले काम नीट लिहिण्याचे.)

वहीत काय लिहायचे?

वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव, वय आणि दुखण्याचे नाव लिहा. शस्त्रक्रिया झाली असेल किंवा नळीत स्प्रिंग बसवली असेल, तर ती कोणत्या साली, ते लिहा. एखाद्या औषधाने पूर्वी त्रास झाला असेल, तर तेही लिहा. दुसऱ्या पानावर चालू औषधांची नावे पाकिटावरून उतरवून घ्या. नावापुढचा आकडाही घ्या. एकाच नावाची गोळी ५ ची असते आणि १० चीही असते. त्याखाली जवळच्या दवाखान्याचा, आशाताईंचा आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहून ठेवा. तिसऱ्या पानापासून रोजची नोंद.

वजन: सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी घ्या. काटा एकच ठेवा. घरात काटा नसेल तर उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत विचारा. तीन दिवसांत वजन २ किलोहून जास्त वाढले, तर ते चरबीचे नाही, पाण्याचे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. काटा मिळालाच नाही, तर पायाकडे पाहा. जोडवे घट्ट झाले, पैंजण रुतले, चपलेचा पट्टा पुरेना झाला, म्हणजे सूज वाढली.

दम: किती चालल्यावर लागतो? निजताना किती उशा लागतात? रात्री दम लागून जाग येते का?

नाडी: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. घड्याळ समोर घ्या. पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. स्वस्थ बसलेल्या माणसाचे साधारण ६० ते १०० ठोके भरतात. ठोके मध्येच चुकत असतील तर तसे लिहा.

रक्तदाब: यंत्र असेल तर आधी ५ मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसा. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. हात छातीच्या उंचीवर टेकवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे लिहा.

प्राणवायू: बोटाला लावायचे छोटे यंत्र करोनात घरोघर आले. नखाला रंग किंवा मेंदी असेल, बोट गार असेल, तर आकडा चुकू शकतो. आकडा ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना विचारा. ९० च्या खाली आला तर वेळ घालवू नका, रुग्णालय गाठा.

एवढे लिहायला रोज ५ मिनिटे लागतात. ज्याला लिहिता येत नाही, त्याची वही तुम्ही भरा. शेजारच्या म्हातारीच्या गोळीचे नाव वाचून देणे, हे लहान काम नव्हे.

गोळी आपल्या मनाने सोडू नका

साथीत अफवाही साथीसारख्या पसरतात. २०२० साली एक बोलवा उठली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी म्हणे करोना वाढतो! घाबरून काहींनी गोळ्या टाकून दिल्या. तेव्हाच हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी सांगितले, की गोळ्या सोडू नका. पुढे रीतसर तपासणी झाली. त्या गोळ्या बंद केल्याने काही फायदा होत नाही, असेच दिसून आले.

नळीत स्प्रिंग बसवलेल्या माणसाने रक्ताची गाठ न होऊ देणारी गोळी सोडली, तर स्प्रिंग अचानक बंद होऊ शकते. म्हणून घरात शेवटचे पाकीट उरले की जागे होऊ नका. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या, की पुढची तजवीज करा. गाव बंद असेल तर आशाताईंना, ग्रामपंचायतीला सांगा.

दुकानातून अंगदुखीची गोळी आपल्या मनाने आणू नका. तसल्या काही गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात. थकलेल्या हृदयाला त्या बाधतात. दुसऱ्याला लागू पडलेले औषध आपल्याला लागू पडेलच, असेही नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक लहान चमचाभर. त्यात भाजी-भाकरीतलेही आले. खारा, पापड, लोणचे, सुकी मासळी यांतले मीठ दिसत नाही, पण पोटात जातेच.

फोनने होत नाही, ते कोणते?

फोनचे गुण सांगितले. आता त्याच्या मर्यादा सांगतो. हा भाग दोनदा वाचा.

झडप खराब असलेल्या पुष्कळ मुलांना दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई टोचावी लागते. फोन सुई टोचू शकत नाही. धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी असते. तिच्यासाठी रक्त तपासावे लागते. फोन रक्त तपासू शकत नाही. अशा माणसांनी साथ असली तरी ठरल्या दिवशी केंद्रात गेलेच पाहिजे. तोंडाला मास्क लावा, गर्दी टाळा, आधी फोन करून वेळ ठरवा. पण जा.

आणि झटका! छातीच्या मधोमध दाबल्यासारखे, आवळल्यासारखे वाटते. दुखणे हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाते. दरदरून घाम सुटतो. मळमळते. जीव घाबरा होतो. बायांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम, घाम, थकवा येतो. याला 'पित्त झाले' म्हणून सोडा पिऊन निजू नका.

अशा वेळी वही शोधू नका, ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात या नंबरावर रुग्णवाहिका येते. रोग्याला बसवा, चालवू नका. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून द्यायची का, ते फोनवरच विचारा आणि ते सांगतील तसे करा. गाडी यायला फार उशीर असेल तर गावातली जीप काढा.

घाई कशासाठी? नळी बंद झाली की हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. पाट फुटला की पुढचे वाफे वाळतात, तसे. गाठ विरघळवण्याचे औषध मिळते. ते पहिल्या तासा-दोन तासांत मिळाले तर गुण मोठा. १२ तास उलटल्यावर फारसा उपयोग राहत नाही.

दूरचा डॉक्टर इथेही उपयोगी पडतो. पण तो आपल्या घरच्या फोनवर नव्हे, तर आरोग्य केंद्राच्या यंत्रावर. गोव्यात २०१८ साली सरकारने अशी योजना सुरू केली. खेड्यापाड्यातल्या आरोग्य केंद्रात ई.सी.जी. काढतात. ती रेघ लगेच दूरच्या तज्ज्ञाकडे जाते. झटका आहे की नाही, ते तो कळवतो. गाठ विरघळवण्याचे औषध तिथेच देता येते. मग रोग्याला बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवतात. लायडनची तार आता खेड्यापर्यंत आली, असेच म्हणायचे. पण तिचा उपयोग केव्हा? रोगी केंद्रापर्यंत पोहोचेल तेव्हाच!

आणखी थोडी सावधगिरी

फोनवरचा डॉक्टर खरा आहे का, ते पाहा. चिठ्ठीवर त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर विचारा. त्यात लाजायचे काही नाही. फोनवर कुणी बँकेचा गुप्त आकडा मागितला तर फोन ठेवून द्या. डॉक्टरला तो आकडा कशाला हवा?

घरात फोन बहुधा मुलाच्या नाहीतर सुनेच्या हातात असतो. सासू-सासऱ्यांना दम लागतो, पण सांगायचे कसे? म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी घरातल्या रोग्याला फोन मिळालाच पाहिजे. आणि तो बोलत असताना चारचौघे भोवती बसू नका. बाईमाणसाला काही गोष्टी सगळ्यांसमोर सांगता येत नाहीत.

लस हेही एक औषध समजा. करोनाची लस १ मार्च २०२१ पासून म्हाताऱ्यांना, आणि ४५ वर्षांवरच्या हृदयरोग्यांनाही मिळू लागली. ज्यांना जास्त धोका, त्यांना आधी, असा त्यात हिशेब होता. पुन्हा कधी साथ आली आणि लस निघाली, तर हृदयरोग्याने मागे राहू नये.

लक्षात ठेवा

१. साथ असो वा नसो, हृदयाची गोळी आपल्या मनाने सोडू नये आणि वाढवू नये.
२. रोजची नोंद वहीत करावी. फोन करताना वही जवळ ठेवावी.
३. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वजन वाढले, सूज वाढली, उशा वाढल्या, तर त्याच दिवशी फोन.
४. सुई आणि रक्ततपासणी फोनवर होत नाही. त्यासाठी केंद्रात जावे.
५. छातीत दाबल्यासारखे, घाम, जीव घाबरा, तर १०८. साथीच्या भीतीने घरी बसू नये.

आज काय कराल?

हा पाठ वाचून झाला की एक वही घ्या. पानावर उभ्या रेघा मारा. वर लिहा: तारीख, वजन, नाडी, सूज, दम, उशा, गोळ्या घेतल्या का. घरात हृदयाचे दुखणे कुणाला असेल तर त्याच्या नावाने आजची पहिली ओळ भरा. कुणाला नसेल तर गल्लीत विचारा. एखादे घर सापडेलच. १०८ हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठा लिहून ठेवा. घरातल्या लहान मुलालाही तो वाचता आला पाहिजे.